गोव्याचं 'बिअरसारखं' हंगामी पेय कोणतं?

विचारलंत ते बरं झालं. ती आमची हुर्राक. बव्हेरियात 1516 साली बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायचं असा नियम झाला. आमच्या काजूच्या हुर्राकात तर पाणीसुद्धा घालत नाहीत, फक्त बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा रस! पण बिअर नुसती आंबवतात, हुर्राक आंबवून मग भट्टीवर गाळतात. म्हणून ती चढते जास्त.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मार्च ते मे भट्ट्या पेटतात. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलेच वेचतात. बिया पिरगळून काढायच्या, बोंडू तुडवून रस काढायचा, तो दोन-तीन दिवस आंबू द्यायचा. पहिल्या धारेची ती हुर्राक, आणि आंबवलेल्या रसासोबत ती पुन्हा गाळली की फेणी. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

हुर्राक टिकत नाही, म्हणून ती हंगामातच आणि इथेच प्यावी. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, थंड सोडा. सोबत तळलेले बांगडे. ग्लास तोंडाशी नेताच बोंडूचा जो उग्र वास येतो, तोच आमचा उन्हाळा. काहींना तो सोसत नाही. मला फार आवडतो.