वार खाली होती, म्हणून हा डाग?

"मॅडम, माझी वार खाली होती. त्याचाच हा डाग ना?" वार म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणारी प्लासेंटा; ती गर्भाशयाच्या तोंडाजवळ असली की 'खाली' म्हणतात.

ताईंनी बाळाचं टोपडं मागे सारलं. दोन महिन्यांची मुलगी, आठव्या महिन्यातच सिझेरियन करावं लागलेलं. डाव्या पापणीवर लालभडक, मऊ उंचवटा. जन्मताना तिथे जेमतेम फिकट ठिपका होता, तिसऱ्या आठवड्यापासून तो फुगत गेला. "ग्रहणात हिनं विळी घेतली होती हातात," हे सासूबाई दारातच बोलून गेल्या होत्या.

"एकजण म्हणाले, वारेचा काही संबंध नाही. मोबाईलवर वाचलं, आहे. खरं काय समजायचं?"

"काही नाही हो, मनावर घेऊ नका," म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मग त्यांनी माझ्यावरही विश्वास ठेवला नसता. शिवाय संबंध खरंच दिसून आलाय. ही रक्तवाहिन्यांची गाठ, इन्फंटाइल हेमॅन्जिओमा. कर्करोग नव्हे. शंभरात साधारण चार-पाच बाळांना होते. मुलींना, कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना जास्त. वार खाली असली किंवा गरोदरपणात बीपी वाढलं, तरीही प्रमाण जास्त आढळतं. या गाठीच्या पेशींत ग्लूट-1 नावाचं प्रथिन असतं. त्वचेच्या नेहमीच्या रक्तवाहिन्यांत ते नसतं, वारेच्या असतं. वारेच्या पेशी बाळात येऊन रुजतात, की पोटात ऑक्सिजन कमी पडल्यामुळे गाठ वाढते, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मानेवरचा फिकट लाल डाग किंवा कमरेवरचा निळसर डाग वेगळे, त्यांना यातलं काही लागू नाही.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे माझ्यामुळेच."

"नाही. वार कुठे धरणार हे गर्भ रुजतानाच ठरायला लागतं, तेव्हा तुम्हाला दिवस गेल्याचंही माहीत नव्हतं. आधीच्या बाळंतपणात सिझर झालं असलं की वार खाली राहण्याची शक्यता थोडी वाढते, आणि ते सिझर काही तुम्ही हौसेनं करून घेतलं नव्हतं. जिना चढल्यानं, पपई खाल्ल्यानं, ग्रहणात विळी धरल्यानं यातलं काहीच होत नाही."

त्यांनी नवऱ्याला फोन लावला आणि मला तेच पुन्हा, सावकाश सांगायला लावलं.

मला मात्र घोर होता तो पापणीचा. अशा बहुतेक गाठी काही वर्षांत आपोआप फिक्या पडतात, म्हणून "थांबा" म्हणण्याची सवय झालीय. पापणीवर ते चालत नाही. डोळा झाकला किंवा दाबला गेला तर नजर मंदावते, आणि गाठीची बहुतेक वाढ पहिल्या पाच महिन्यांतच होते. ओठावर, नाकावर किंवा लंगोटाच्या जागी असली तरीही लवकर दाखवावं. पाच किंवा त्याहून जास्त असल्या तर यकृताची सोनोग्राफी करतात. प्रोप्रानोलॉल या हृदयाच्या औषधानं त्या आक्रसतात, हे 2008 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी जगापुढे मांडलं. ते डॉक्टरांच्याच देखरेखीखाली, बाळाचं दूध पिऊन झाल्यावर द्यायचं.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. "डोळ्यांचे डॉक्टर आज आहेत का?"

"बारापर्यंत."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि नातीला उचललं.