छत्तिसाव्या वर्षी सोलापूरहून जाऊन स्नोबोर्डिंग शिकता येईल का? किती दिवस लागतात?

येईल की. मी एक्केचाळिसाव्या वर्षी शिकलो, आणि तोवर बर्फ म्हणजे पार्क चौकातला गोळा एवढीच ओळख होती. दिवसांचं मात्र एका वाक्यात सांगता येत नाही, कारण माझा पहिला अख्खा दिवस दाजींनी खाल्ला.

दाजी पुण्याचे, स्कीइंगवाले. त्यांच्याच भरवशावर फेब्रुवारीत गुलमर्गला गेलो. टंगमर्गला चाकांना साखळ्या लावलेली गाडी केली, वर पोहोचलो, बोर्ड, म्हणजे आडवं उभं राहून घसरायची एकच फळी, भाड्याने घेतला. दुकानातल्या पोराने विचारलं, कुठला पाय पुढे? मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "डावा. सगळ्यांचा डावाच असतो."

मग गोल्फ कोर्सच्या उतारावर मी दिवसभर आपटलो. बोर्ड सपाट पडला आणि उताराकडची कड बर्फात रुतली की सावरायला वेळच मिळत नाही, माणूस थेट आडवा. टाचेकडची रुतली तर माकडहाड, बोटांकडची रुतली तर मनगट. संध्याकाळी जेवायला मी उशीवर बसलो होतो आणि दाजी फोनवर ताईला सांगत होते, "घाबरतोय गं हा."

दुसऱ्या दिवशी पैसे मोजून प्रशिक्षक केला. त्याने काही न सांगता मागून हलकाच धक्का दिला. तोल सावरायला माझा उजवा पाय पुढे पडला. तो हसला, स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि पाच मिनिटांत बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला बांधायची पकड, फिरवून दिली. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यांना 'गूफी' म्हणतात. तेव्हा आठवलं, लहानपणी दिवाळीआधी घर धुताना साबणाच्या पाण्यावर आम्ही शहाबादी फरशीवरून घसरायचो, तेव्हाही माझा उजवाच पाय पुढे असायचा. तुम्हीही निघायच्या आधी मोजे घालून फरशीवर घसरून बघा.

त्यानंतर दीड दिवस फक्त टाचेच्या कडेवर. आधी सरळ खाली सरकायचं, मग झाडाचं पान गळतं तसं डावीकडे-उजवीकडे तरंगत उतरायचं. वळणं चौथ्या दिवशी जमली. नजर पायाकडे गेली की पडलोच. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेआधी नंदीध्वजाची उंच काठी पेलायच्या सरावात काका ओरडायचे, "पायाकडं काय बघतोस, म्होरं बघ!" ते तिथं कामाला आलं.

त्यामुळे माझा हिशोब असा: पाच दिवस काढा, आणि प्रशिक्षक परकाच हवा. नवरा, भाऊ, दाजी, कुणी कितीही तरबेज असो, त्याच्याकडून शिकू नका. घरच्या माणसाला आपण "थांबा, हे चुकतंय" म्हणू शकत नाही. गोंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने, वर अफरवत डोंगरावर जायचा आग्रह झाला तरी बोर्ड घेऊन जाऊ नका. गोंडोला जवळजवळ ३,९५० मीटर उंचीवर सोडतो, ती शिकायची जागा नाही.

'त्यापेक्षा स्की सोपी' असं तुम्हालाही कुणीतरी सांगेलच. पहिल्या दिवशी सोपी असते, मान्य. पण स्कीवर गुडघा पिरगळायची भीती जास्त. बोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात, तिथं मनगट सांभाळायचं. रिस्ट गार्ड सोलापुरातूनच घेऊन जा आणि पडताना पंजे टेकू नका, मुठी वळा. हो, आणि गुडघ्याचं किंवा पाठीचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे खरं तर वरच लिहायला हवं होतं. पाय बरोबर असला तरी पहिल्या दिवशी सगळेच पडतात, हेही खरं. दाजींना मात्र हे वाक्य दाखवणार नाही.

यंदा संक्रांतीला ते घरी आले, तेव्हा तिळगूळ देऊन झाल्यावर त्यांना मोज्यांवर हॉलमध्ये उभं केलं आणि मागून हलकाच धक्का दिला. उजवा पाय पुढे. ताईने स्वतः पाहिलं.

दाजी म्हणाले, फरशी ओली होती.