कोणाचे केस किती वाढतात?

केसांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळच्या सदरासाठी निवडली आहेत. केसगळतीवरील औषधांची चौकशी करणारी पत्रे बाजूला ठेवावी लागली, कारण त्यांचे उत्तर रुग्णाला तपासून त्वचारोगतज्ज्ञानेच द्यावयाचे असते.

प्रश्न : चीनमधील ह्वांगलुओ गावातील स्त्रियांची चित्रफीत नुकतीच पाहिली. नदीत ओळीने उभ्या राहून त्या केस धुतात आणि ते केस टाचेपर्यंत येतात. माझे केस लहानपणापासून दाट आहेत, पण शिकेकाई, रीठा, माका असे आईने काहीही लावले तरी कमरेखाली ते कधी गेले नाहीत. या स्त्रिया तांदळाच्या पाण्याने केस धुतात म्हणे. त्यानेच केस एवढे वाढतात का?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : ह्वांगलुओ हे दक्षिण चीनच्या ग्वांगशी प्रदेशात, लोंगशंगच्या डोंगरउतारावरील भातखाचरांच्या मुलखात वसलेले गाव आहे. तेथील स्त्रिया याओ लोकांच्या ज्या शाखेतील आहेत, तिला पोशाखाच्या रंगावरून ‘लाल याओ’ म्हणतात. परंपरेप्रमाणे मुलीचे केस आयुष्यात एकदाच, साधारण अठराव्या वर्षी, कापले जातात. तो कापलेला शेपटा आजी जपून ठेवते आणि लग्नानंतर तो तिला परत मिळतो. विंचरताना गळालेले केसही टाकून न देता त्यांचा वेगळा झुपका बांधतात. त्यामुळे डोक्यावर वाढत असलेले केस, अठराव्या वर्षी कापलेले केस आणि वेळोवेळी गळालेले केस असे तीन झुपके एकत्र गुंडाळून त्यांचा केशसंभार सजतो. आपल्याकडील गंगावनाची आठवण होणे साहजिक आहे, मात्र येथे गंगावनही स्वतःच्याच केसांचे असते. कपाळावर पुढे अंबाड्याची गाठ दिसली की ती स्त्री लेकुरवाळी आहे असे समजावे. पूर्वी मोकळे केस केवळ नवऱ्याने आणि मुलांनीच पाहावेत असा दंडक होता. १९८० च्या दशकात तो सैल पडला आणि आता पर्यटकांसमोर केस सोडण्याचे कार्यक्रमच होतात.

तांदळाचे धुवण त्या आंबवून वापरतात आणि त्यात पपनसाच्या सालीसारखे पदार्थ घालतात. मध्ययुगीन जपानमधील दरबारी स्त्रियाही, ज्यांचे केस उंचीपेक्षा लांब असणे हे सौंदर्याचे लक्षण मानले जाई, तांदळाच्या पाण्यानेच केस विंचरीत असत. अशा पाण्याने केसाच्या पृष्ठभागावर पातळ थर बसतो, विंचरताना घर्षण कमी होते आणि केस कमी तुटतात. परंतु केसाची वाढ त्वचेखालच्या रोमकूपात होते आणि तेथे हे पाणी काही करू शकत नाही.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर रोमकूपाच्या वेळापत्रकात आहे. डोक्यावरील प्रत्येक केस काही वर्षे वाढत राहतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, सुमारे तीन महिने तो नुसता तग धरून राहतो आणि शेवटी गळून पडून त्याच कूपातून नवा केस उगवतो. डोक्यावर सुमारे एक लाख केस असल्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणे हे आरोग्याचेच लक्षण आहे. वाढीची ही अवस्था बहुतेकांमध्ये दोन ते सहा वर्षे टिकते. केस वर्षाला साधारण १५ सेंटिमीटर वाढतो असे धरले, तर तीन वर्षांच्या अवस्थेत तो ४५ सेंटिमीटरांवर, म्हणजे पाठीच्या मध्यापर्यंत थांबणार आणि सहा वर्षांच्या अवस्थेत ९० सेंटिमीटरांवर, म्हणजे कमरेच्या जरा खाली. भुवयांच्या केसांची हीच अवस्था काही आठवडे ते काही महिनेच असते, म्हणून भुवया कापल्या नाहीत तरी डोळ्यांवर येत नाहीत. आपले केस कमरेशी थांबतात याचा अर्थ आपले रोमकूप पाच-सहा वर्षे नेटाने काम करतात असा होतो, आणि तो मुदतीचा आकडा आईवडिलांकडून आलेला असतो, शिकेकाईकडून नव्हे.

हा आकडा काही थोड्या माणसांत विलक्षण मोठा असतो. चीनमधील शिए छिउफिंग या बाईंनी १९७३ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, केस कापणे सोडले आणि ८ मे २००४ रोजी त्यांचे केस ५.६२७ मीटर भरले. भागाकार केला तर वर्षाला सुमारे १८ सेंटिमीटर येतात, म्हणजे त्यांचे काही रोमकूप तीन दशके एकदाही विश्रांतीला गेले नव्हते. ज्या गावात सगळेच एकमेकांचे नातलग असतात आणि केस वारंवार कापण्याची पद्धत नसते, तेथे असा गुण चटकन नजरेत भरतो. कापणाऱ्या समाजात तो असला तरी कळणार कसा?

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही नैरोबीत राहतो. माझ्या मुलीच्या वर्गातील बहुतेक मुलींच्या केसांच्या डोक्यालगत बारीक वेण्या घातलेल्या असतात. “त्यांचे केस वाढतच नाहीत का?” असे मुलीने विचारले आणि मला नीट उत्तर देता आले नाही.
— एक वाचक, नैरोबी

उत्तर : वाढतात, पण वाढ दिसत नाही, असे मुलीला सांगावे. आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य लोकांमध्ये रोमकूप त्वचेखाली वाकडा असतो आणि केसाचा आडवा छेद चपटा, लंबगोल असतो. त्यामुळे केस बाहेर पडतानाच घट्ट वेटोळे घेतो. ओढून सरळ केल्यास हातभर भरणारा केस सोडताच आखडून पाव लांबीचा दिसू शकतो. वाढीचा वेगही थोडा कमी असतो. मोजणीत पूर्व आशियाई केस वर्षाला सरासरी १५, युरोपीय केस १३ आणि आफ्रिकी केस ९ ते १० सेंटिमीटर वाढतात असे आढळले आहे. अर्थात ही सरासरी आहे आणि प्रत्येक गटात माणसागणिक मोठा फरक असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट तुटण्याची आहे. डोक्याच्या त्वचेतून स्रवणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज ओघळते, वेटोळ्या केसावर ते मुळाशीच अडते आणि टोके कोरडी राहतात. शिवाय प्रत्येक वळणावर केस कमकुवत असतो, त्यामुळे दररोज कंगवा फिरवला की तो नेमका वळणावर तुटतो. केस वाढत असतो आणि त्याच वेगाने टोकाकडून तुटत असतो, म्हणून लांबी तेवढीच राहते. मुलीच्या मैत्रिणींच्या वेण्या या अडचणीवर शेकडो वर्षांपूर्वी शोधलेला उपाय आहेत, कारण एकदा घातलेली वेणी आठवडेच्या आठवडे कंगव्यापासून सुटका करते. चाड देशातील बसारा स्त्रिया चेबे नावाची भाजलेल्या बियांची पूड तेलात कालवून केसांच्या लांबीवर थापतात, मुळांना मुद्दाम लावत नाहीत आणि वर वेणी घालतात. त्यांचे केस कमरेपर्यंत पोहोचतात. नामिबियातील म्बालांतू मुलींच्या केसांना पूर्वी साधारण बाराव्या वर्षापासून झाडाच्या सालीची पूड आणि चरबी यांचा जाड लेप देत आणि पुढे जनावरांच्या स्नायूंचे धागे जोडून जमिनीला टेकणाऱ्या वेण्या घालीत.

असे केस निर्माण झाले तरी कशासाठी, यावर २०२३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वाचनीय आहे. शरीराइतकी उष्णता राखणाऱ्या पुतळ्याच्या डोक्यावर सरळ, मध्यम कुरळ्या आणि घट्ट कुरळ्या केसांचे टोप चढवून वरून सूर्यासारखी उष्णता सोडण्यात आली, तेव्हा डोक्याला सर्वांत कमी उष्णता घट्ट कुरळ्या केसांखाली पोहोचली. विषुववृत्तीय उन्हात दोन पायांवर चालणाऱ्या आणि मोठा मेंदू वागवणाऱ्या प्राण्याला घाम न गाळता मिळालेले हे छत्र लहानसहान नव्हे.

एक सूचना आगाऊपणे करतो. त्या वेण्यांचे कौतुक मुलीने तोंडाने जरूर करावे, परंतु विचारल्याशिवाय हात लावून पाहू नये. हा अनुभव त्या मुलींना पुष्कळदा येतो आणि तो कोणालाही आवडत नाही.

प्रश्न : आमच्या शालेय भूगोलात केसांवरून मानवाचे वंश पाडलेले होते, सरळ केसांचे मंगोल, लोकरी केसांचे निग्रो वगैरे. वर उल्लेखिलेल्या प्रकारची माहिती वाचली की ते वर्गीकरण बरोबरच होते असे वाटते. आपले मत काय?
— एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : आमच्या मते ते चुकीचे होते, आणि निरुपद्रवीही नव्हते. केसांतील फरक खरे आहेत. पूर्व आशियाई केस जाड आणि छेदात गोल असतो. त्याचे एक कारण ‘ईडीएआर’ या जनुकातील सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीचा बदल आहे, जो चीन-जपान-कोरियातील बहुसंख्य लोकांत आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत आढळतो, ईशान्य भारतात काही प्रमाणात दिसतो आणि युरोप-आफ्रिकेत जवळजवळ नसतो. २०१३ साली हाच बदल उंदरांत घडवला असता त्यांचे केस जाड झाले आणि घर्मग्रंथीही वाढल्या. परंतु युरोपीय लोकांच्या सरळ केसांमागे निराळीच जनुके आहेत. म्हणजे ‘सरळ केस’ या एका रकान्यात बसवलेली माणसे सरळपणाला वेगवेगळ्या वाटांनी आलेली असतात.

घट्ट कुरळ्या केसांचेही तसेच. उत्तर कन्नडच्या जंगलपट्टीत राहणारे सिद्दी काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणले गेलेल्यांचे वंशज आहेत. अंदमानातील ओंगे आणि जारवा यांचे केस दिसायला त्यांच्यासारखेच असतात, परंतु आफ्रिकेशी त्यांचा संबंध भारतातील इतर कोणाहीपेक्षा जवळचा नाही. त्याहून गमतीचे उदाहरण सॉलोमन बेटांचे आहे. तेथील काळ्यासावळ्या, कुरळ्या केसांच्या लोकांपैकी पाच ते दहा टक्क्यांचे केस सोनेरी असतात. युरोपीय खलाशांची ही देणगी असावी असे पूर्वी समजत, पण २०१२ साली त्यामागचा जनुकीय बदल सापडला आणि तो युरोपात आढळतच नाही.

वर्गीकरणाचा उपयोग मात्र फार वाईट झाला. जर्मन मानववंशशास्त्रज्ञ आयगेन फिशर याने केसांच्या रंगछटांचा एक नमुनासंच तयार केला होता, आणि हाच गृहस्थ पुढे नाझी वंशशास्त्राचा आधारस्तंभ झाला. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यानंतर, ज्याचा वंश संशयास्पद वाटे त्याच्या केसांत पेन्सिल खोचून पाहत. पेन्सिल घसरून पडली तर तो माणूस गोरा, अडकून राहिली तर नाही. अशा परीक्षेत सख्खी भावंडे वेगवेगळ्या वंशांत जाऊ शकत, आणि एकदा वंश ठरला की शाळा, वस्ती आणि लग्नही त्यानुसार ठरे. आज अभ्यासक केसांची विभागणी वंशाने करत नाहीत. वेटोळ्याचा व्यास आणि वळणांची संख्या मोजून आठ प्रकार पाडण्याची एक पद्धत रूढ आहे, आणि एकाच मराठी घरातल्या दोन बहिणी त्यातील दोन निराळ्या प्रकारांत सहज बसतील.

प्रश्न : नातवाचे जावळ काढले की केस दाट येतात, आणि तेल मुरवले की लांब होतात, हे खरे का?
— एक आजी, सातारा

उत्तर : दोन्ही नाही, आजी. जावळाचे केस मऊ आणि टोकाला निमुळते असतात. वस्तऱ्याने कापल्यावर बोथट टोक वर येते, म्हणून ते जाड लागते. बाळाचे मऊ केस पुढे जाऊन राठ केस येणारच असतात, जावळ काढा अथवा काढू नका. विधी म्हणून जरूर करावे. तेलाने केस मऊ राहतो आणि कमी तुटतो, एवढे श्रेय त्याला द्यावे.

तेलाने केस वाढतात हे दाखवण्यासाठी मुळातच लांब केसांच्या बाईला उभे करणे हा जाहिरातीचा फार जुना डाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील सदरलंड भगिनी हेच करीत. त्या सात जणींच्या केसांची एकूण लांबी ३७ फूट होती असे सांगत. सर्कशीत गाऊन झाल्यावर त्या पाठमोऱ्या होऊन केस सोडीत आणि मग वडिलांनी काढलेल्या केशवर्धकाच्या बाटल्या खपत. १९२० च्या दशकात अमेरिकन मुलींनी केस मानेपर्यंत कापले आणि तो धंदा बसला.

प्रश्न : माझ्या पत्नीचे केस गुडघ्यापर्यंत आहेत. लग्नात सर्वांनी त्यांचेच कौतुक केले होते. आता तिला ते खांद्यापर्यंत कापायचे आहेत. मला अतिशय वाईट वाटते. तिची समजूत कशी घालावी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : समजूत घालण्याआधी एकदा तिचे न्हाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावे. २०२३ मध्ये जगातील हयात महिलांमधील सर्वांत लांब केसांच्या विक्रमाची नोंद झालेल्या प्रयागराजच्या स्मिता श्रीवास्तव (त्यांचे केस २३६.२२ सेंटिमीटर होते. पुढच्याच वर्षी युक्रेनच्या एका महिलेने २५७.३३ सेंटिमीटरांसह तो विक्रम मोडला) आठवड्यातून दोनदा केस धुतात आणि धुणे, वाळवणे, गुंता काढणे व बांधणे यांत प्रत्येक वेळी तीन तासांपर्यंत वेळ जातो. त्यांनी तो हौसेने दिला. आपल्या पत्नीला तो लोकल गाडीच्या वेळापत्रकात बसवावा लागत असेल. शिवाय गुडघ्यापर्यंतच्या केसाचे टोक सात-आठ वर्षांचे जुने असते आणि ते सांभाळण्याचा व्याप टोकाशी वाढतच जातो. केस तिचे आहेत, तेव्हा निर्णयही तिचाच.

आपण एवढे करू शकता. कापण्यापूर्वी केस पूर्ण वाळवून, घट्ट वेणी घालून दोन्ही टोकांना रबर लावण्यास सांगावे आणि वरच्या रबराच्या वरूनच कात्री चालवावी, म्हणजे मुळाकडची बाजू एकीकडे राहील. केसावरील खवले मुळाकडून टोकाकडे एका दिशेने बसलेले असतात आणि दिशा उलटसुलट झाली की कापलेल्या केसांचा न सुटणारा गुंता होतो. वेणी जपून ठेवायची नसेल तर कर्करोगाच्या रुग्णांसाठी टोप करणाऱ्या संस्थांना ती देता येते. अनेक संस्था किमान १२ इंच लांबी मागतात आणि रंग लावलेले केस घेतात की नाही हे मात्र आधी विचारून घ्यावे.