तिशीपर्यंत शिकतच राहणार का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलगी कराडला बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या धाकट्या दिरांना 'सीएमएल' हा रक्ताचा कॅन्सर आहे, पण रोजची गोळी घेऊन ते शेतात कामाला जातात. ते पाहूनच तिने ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या जनुकांवर संशोधन करायचं ठरवलंय. वडील म्हणतात, पीएच.डी. होईपर्यंत तिशी उजाडेल. मग कमाई कधी आणि लग्न कधी? तुम्हाला दोघांचंही पटतंय.

त्या गोळीची गोष्ट सांगते, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे. 1960 साली फिलाडेल्फियात दोन संशोधकांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र (जनुकं वाहून नेणारा पेशीतला धागा) दिसलं. तुटलेला तुकडा गेला कुठे, हे पुढची तेरा वर्षं कुणाला सांगता आलं नाही. ते सांगितलं शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी. चार मुलगे लहान होते तेव्हा त्या आठवड्यातून मोजके दिवसच काम करत. नवऱ्याच्या अभ्यासरजेत ऑक्सफर्डला गेल्या आणि तिथे गुणसूत्रं पाहायला शिकल्या, तेव्हा वय होतं छत्तीस. परत आल्यावर त्या गुणसूत्रांचे फोटो घरी आणायच्या, जेवणाच्या टेबलावर कात्रीने कापून जोड्या लावायच्या. आई कागदी बाहुल्या खेळते, असं मुलं चिडवायची. त्या टेबलावरच्या कामातून उलगडलं, की 22 व्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही, तो 9 व्याला जाऊन चिकटलाय. हे 1973 साली प्रसिद्ध झालं, तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या त्या अदलाबदलीत दोन जनुकं जोडली जातात आणि तयार होणारं प्रथिन पेशीला 'वाढ, वाढ' असा हुकूम देत राहतं, हे पुढे इतरांनी शोधलं. ते प्रथिन अडवणाऱ्या इमॅटिनिब या गोळीला अमेरिकेत 2001 मध्ये मान्यता मिळाली. आखूड गुणसूत्रापासून गोळीपर्यंत एक्केचाळीस वर्षं!

म्हणून तिशीची भीती मला फारशी वाटत नाही. पैशाची मात्र वाटते, आणि तिथे तिच्या वडिलांचं ऐकायला हवं. राउलींच्या घरी नवऱ्याचा पगार होता. 'त्यांनी केलं, तूही कर' एवढं सांगून कुठल्याही मुलीला या वाटेवर पाठवू नये. एम.एस्सी.नंतर नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये मिळतात. त्यावर एकटीचं भागतं, पण ही रक्कम कधी कधी महिनोन् महिने रखडते, तेव्हा थोडी शिल्लक हाताशी हवी. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं लागतात आणि नंतरच्या कायम जागा कमी आहेत. ही वाट मध्येच सोडली तरी शिकलेलं फुकट जात नाही. रक्ताच्या बऱ्याच कॅन्सरचं निदान आज गुणसूत्रं आणि जनुकं तपासून पक्कं होतं, त्यामुळे मोठ्या शहरांतल्या तपासणी प्रयोगशाळांना हे काम येणारी माणसं लागतात.

एम.एस्सी.साठी तिने जेनेटिक्स किंवा बायोटेक्नॉलॉजीकडे वळावं. आतापासून संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रामिंग शिकलंच पाहिजे; कात्री आणि फोटोंचं काम आता बरंचसं संगणकावर होतं. आणि यासाठी परदेशीच जावं लागतं असंही नाही. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र आहे, पुण्यात एनसीसीएस ही पेशींवर संशोधन करणारी संस्था आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे. काही ल्युकेमियांवरची भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या) आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिली, तिला 2023 मध्ये मान्यता मिळाली.

पण आज लगेच पीएच.डी.चा निर्णय घेऊच नका. विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप असते, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करायचं. त्यासाठी तिला अर्ज करू द्या. अर्जात दिरांच्या आजाराबद्दल एखादं वाक्य पुरे. त्या पेशींत नेमकं काय घडतं आणि त्यातलं तिला काय समजून घ्यायचंय, हे तिने लिहावं.

ती परत आली की 'मजा आली का?' एवढंच विचारू नका. एकच प्रयोग तिसऱ्यांदा फसला, त्या दिवशी तिने काय केलं, हे विचारा. ती जे सांगेल ते वडिलांनाही ऐकू द्या, आणि मग मला पुन्हा लिहा.