डेकसाठी स्क्रू: काळे नकोत, पिवळेही नकोत

प्रश्न : गुहागरला समुद्राजवळ आमचं घर आहे. अंगणात ४ बाय ३ मीटरचा सागवानी डेक करून घेतला. फळ्या २५ मिमी जाड, १४० मिमी रुंद आणि सलग ४ मीटरच्या. खाली दर ४०० मिमीवर वासा. दोन पावसाळ्यांतच स्क्रूंची डोकी तुटायला लागली आणि भोवतालचं लाकूड काळं पडलं. फळ्या धड आहेत. आता कोणते स्क्रू घ्यावेत, आणि किती?

उत्तर : तुमच्याकडे बहुधा जिप्सम बोर्डाचे काळे किंवा झिंक चढवलेले पिवळे स्क्रू ठोकले गेले. काळ्या स्क्रूचं पोलाद कडक, ठिसूळ. फळी फुगली-आकसली की तो वाकत नाही, मानेतच तुटतो. पिवळ्याचा पातळ झिंक खाऱ्या हवेत फार टिकत नाही. काळे डाग हे लाकडातलं टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने पडतात. जुनं लोखंड काढून टाकल्यावर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने ते बरेच जातात. हातमोजे घाला, नंतर फळी भरपूर पाण्याने धुवा.

किनाऱ्यावर ३१६ स्टेनलेसच घ्या. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला तोंड देतं. ३०४ देशावर उत्तम, तुमच्याकडे त्यावर तपकिरी डाग धरतील. पाकिटावर ए४ म्हणजे ३१६, ए२ म्हणजे ३०४. दुकानदार ‘एसएस’ (स्टेनलेस) म्हणून ४१० हा लवकर गंजणारा ग्रेड देतो, त्यापासून सावध राहा. चुंबक घट्ट चिकटला तर तो ४१० समजा. मात्र ३०४ आणि ३१६ यांतला फरक चुंबकाला कळत नाही, तेव्हा बिलावर ग्रेड लिहून घ्या.

माप: १० नंबर, अडीच इंच (६३ मिमी). म्हणजे वाशात ३८ मिमी उतरतो, फळीच्या दीडपट. वरचा भाग बिनआट्यांचा हवा; पूर्ण आट्यांचा स्क्रू फळीला वाशापासून उचलून धरतो आणि ती चालताना करकरते. डोकं चांदणीच्या खाचेचं (टी२५) असेल तर बिट घसरत नाही.

हिशेब: ५ मिमी फट धरून २१ फळ्या, ११ वासे, प्रत्येक छेदावर २ स्क्रू, म्हणजे ४६२. तुटफूट धरून ५१० घ्या.

बसवताना फळीत ५ मिमीचं आरपार भोक, वाशात ३.५ मिमीचं. सागवानात भोक न पाडता ठोकलात तर फळी टोकाशी चिरते, नाहीतर स्टेनलेस मऊ असल्याने स्क्रूच पिळून तुटतो. ड्रिल सावकाश चालवा, क्लच लावा, आट्यांना मेण फासा. इम्पॅक्ट मशीन नको. डोकं फळीच्या पातळीला आलं की थांबा. खोल गेलं की खळग्यात पाणी साचतं. जुन्या भोकात नवा स्क्रू पकडणार नाही, म्हणून वाशाच्या रेषेतच २५ मिमी आत सरका आणि जुन्या भोकात सागवानी गुल्ली ठोका. वाशातून वर राहिलेले तुटके दांडे ग्रिप प्लायरने पिळून काढा.

प्रश्न : वाशांऐवजी लोखंडी बॉक्स पाइपची फ्रेम असेल तर?

उत्तर : आधी पाइपला प्रायमर आणि रंग, मगच फळ्या. भोक पाडल्यावर उघड्या पडलेल्या कडांनाही रंग लावा, गंज तिथूनच सुरू होतो. शेजारी ग्राइंडर चालवायचा असेल तर स्क्रू लावण्याआधी चालवा. उडालेला लोखंडी कीस नव्या स्टेनलेसवर बसला की तांबूस ठिपके येतात आणि लोक दुकानदाराला बोल लावतात.