सत्तावीस सांगितलं की बहात्तर लिहितो, काय करू?

जुलै संपत आला की माझ्याकडे पहिलीतल्या मुलांच्या आयांचे फोन सुरू होतात. शाळा सुरू झाल्यावर पहिला महिना नवं दप्तर, नवा डबा, फोटो वगैरेत जातो आणि मग पहिली टेस्ट होऊन वह्या घरी येतात. हा एक प्रश्न तर दरवर्षी ठरलेला, त्यामुळे एकदा सविस्तर लिहूनच टाकते. ओळख पटेल असं सगळं बदललंय, पोराला आपण छोटू म्हणू.

छोटूची आई आली तीच दोन वह्या घेऊन. खुर्चीत बसायच्या आधी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. "मॅडम, हा सत्तावीसला बहात्तर लिहितो, पस्तीसला त्रेपन्न लिहितो, तीनचा आकडा उलटा काढतो. मी गुगल केलं. डिस्लेक्सिया, म्हणजे ते वाचायला-लिहायला शिकताना अडचण येते ते, असेल का हो?" पोरगं साडेसहा वर्षांचं. वहीच्या त्या पानाला खोडरबरने घासून घासून भोक पडलं होतं आणि त्या भोकातून खालच्या पानावरचा लाल पेनाने केलेला क्रॉस दिसत होता. मला तेवढ्यावरच निम्मी केस कळली.

घरचा कार्यक्रम विचारला. रोज संध्याकाळी एक ते शंभर तीनदा लिहायचे, चुकलं की ती ओळ परत, त्यात आजोबांचं "आम्हाला पहिलीत तीसपर्यंत पाढे पाठ होते". आणि दोन आठवड्यांपासून सकाळी पोट दुखतंय, डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही. रविवारी दुखतं का हो? नाही, रविवारी नाही दुखत.

मग छोटूला जवळ बसवलं आणि म्हटलं सत्तावीस लिही. त्याच्या ओठांकडे बघत होते मी. "सत्ता..." म्हणाला आणि 7 काढला, "...वीस" म्हणाला आणि पुढे 2. झालं बहात्तर! नंतर म्हटलं ट्वेंटी सेव्हन लिही, तर बरोबर 27. शाळा सेमी इंग्लिश, गणिताच्या तासाला इंग्रजी आकडे, घरी आई आणि आजोबा मराठीत विचारणार. पोराने काय करावं? ते बिचारं जे ऐकतंय तेच त्याच क्रमाने लिहितंय, उलट लक्ष देऊन ऐकतंय म्हणून चुकतंय. मराठीत सुटे आधी बोलतो आपण आणि दशक नंतर, लिहिताना मात्र दशक आधी. आपल्याला सवय झालीय म्हणून जाणवत नाही.

आईला पटेना. मग तिलाच कागद दिला, म्हटलं पटकन लिहा, त्रेसष्ट, अडुसष्ट, एकोणऐंशी. एकोणऐंशीला तिने 8 काढला, थांबली, आणि हसायलाच लागली. आपण मोबाइल नंबरसुद्धा इंग्रजीत सांगतो एकमेकांना, आणि सहा वर्षांच्या पोराकडून एकोणसाठ, एकोणसत्तर चोख पाहिजे. एकोण म्हणजे एक कमी, हे कुणी सांगितलंच नसेल तर एकोणतीस ऐकून ते 39 लिहिणार नाहीतर 31. दोन्हीमागे त्याचं लॉजिक आहे.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तावीसबरोबर "वीस सात" असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? विधिमंडळात विषय गेला, जोक तर किती फिरले. मला स्वतःला वीस सात कानाला गोड लागत नाही, खरं सांगते, पण अडचण खरी होती. कानडीत दशक आधीच बोलतात, त्यांच्या पोरांना हा ताप नाही.

आणि पहिलीत नेमकं यायला काय हवं? निपुण भारत म्हणून केंद्राचा जो कार्यक्रम 2021 ला आला त्यातसुद्धा पहिलीचं लक्ष्य काय, तर 99 पर्यंत संख्या वाचता-लिहिता येणं, सोपी बेरीज-वजाबाकी, आणि चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचणं. तेही वर्षाच्या शेवटी हं, जुलैत नाही. त्याशिवाय ही पोरं जे शिकत असतात ते कुठल्याच वहीत दिसत नाही. बाईंना "शू ला जाऊ का" विचारायचं, डब्याचं घट्ट झाकण स्वतः उघडायचं, शेजारच्याने पेन्सिल घेतली तर रडायचं की मागायचं. छोटूला झाकण उघडत नव्हतं, तो डबा तसाच परत आणायचा, हे आईला माझ्याकडे आल्यावर कळलं.

डिस्लेक्सियाचं म्हणाल तर साधारण आठच्या आत आम्ही शिक्का मारत नाही. या वयात तीन उलटा काढणं, ब आणि क ची गल्लत होणं अगदी कॉमन आहे. पण पहिलं वर्ष संपत आलं तरी अक्षर आणि आवाजाची जोडीच लागत नाहीये, किंवा बोलणंच उशिरा आलेलं, किंवा घरात कुणाला असा त्रास होता, तर थांबू नका, आधी कान आणि डोळे तपासून घ्या आणि मग आमच्याकडे या.

छोटूला मी सांगितलं, तीन आठवडे एक ते शंभर बंद. आजोबा एसटीतले रिटायर्ड कंडक्टर निघाले, मग काय, घरातच गाडी सुरू केली. छोटूकडे दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी. आजोबा तिकीट सांगणार, "सत्तावीस रुपये", छोटू आधी सात नाणी उजवीकडे मांडणार, मग दोन नोटा डावीकडे, आणि मग ते बघून वहीत लिहिणार. बाईंशीही आई बोलून आली, वर्गात चाळीसच्या वर पोरं, तरी लाल क्रॉसऐवजी पेन्सिलने टिंब देते म्हणाल्या. एवढं केलं त्यांनी, खूप झालं.

पोटदुखी आधी गेली, आठवड्याभरातच. आकडे मात्र दिवाळीनंतर सुधारले, आणि तीन अजून कधीतरी उलटा येतोच.

शेवटच्या भेटीत छोटू मला म्हणाला, "एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" मी आईकडे बघितलं, आई माझ्याकडे. म्हटलं, आजोबांना विचार.