बोस्नियाचा फुटबॉल स्ट्रायकर एडिन झेकोचा सगळ्यात भारी काळ कुठला, मॅन सिटी (इंग्लंडचा मँचेस्टर सिटी क्लब) की इटलीचा रोमा?

रोमाच. सिटीत त्याला दुसरा स्ट्रायकर अग्वेरोमुळे बऱ्याचदा बेंचवर बसावं लागायचं, रोमात मात्र पूर्ण अटॅक त्याच्याभोवती फिरायचा आणि २०१६-१७ ला त्याने सेरी आ (इटलीची टॉप लीग) मध्ये २९ गोल मारून टॉप स्कोअररचा मान मिळवला, शिवाय २०१८ च्या चॅम्पियन्स लीग क्वार्टर फायनलला बार्सिलोनाविरुद्ध दोन्ही लेगमध्ये (घरची आणि बाहेरची मॅच) गोल, पहिली मॅच ४-१ हरूनही घरी ३-० जिंकून, एकूण ४-४ असताना बाहेरच्या मैदानावरच्या गोलमुळे रोमा सेमीत गेली, ती मॅच बघाच. फक्त ट्रॉफी मोजायच्या असतील तर सिटी म्हणा, तिथे दोनदा प्रीमियर लीग (इंग्लंडची टॉप लीग) जिंकलाय, आणि २०१२ ला क्यूपीआर क्लबविरुद्ध अग्वेरोच्या लीग जिंकून देणाऱ्या गोलआधी बरोबरी करणारा ९२ व्या मिनिटाचा हेडर झेकोचाच होता, लोक तो विसरतात.